न सांगता नोकरी सोडली की मागे नेमकं काय काय होतं

पगार झाल्यानंतरचा सोमवार आला की माझ्या पोटात गोळा येतो. साडेआठला लाईनवरनं सुपरवायझरचा फोन, "मॅडम, तो आज पण नाय आला, फोन बंद लागतोय." मी चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत १४ वर्षं हजेरी, पगार, पीएफ हे सगळं बघते, त्याआधी काही वर्षं हिंजवडीत आयटीवाल्यांच्या एचआरला होते, त्यामुळे सेफ्टी शूजवाली आणि लॅपटॉपवाली अशी दोन्हीकडची माणसं न सांगता जाताना बघितलीयेत. आणि दोन्हीकडे नंतर प्रश्न तेच असतात, पोलीस येतील का, पीएफ बुडाला का, आता दुसरीकडे नोकरी लागणारच नाही का. उत्तरं मात्र कुठूनतरी ऐकलेली आणि बहुतेक चुकीची. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय.

मागच्या दिवाळीची गोष्ट. लातूरकडचा एक मुलगा, प्रेसवर ऑपरेटर, तीन वर्षांत त्याचा एक खाडा नाही. दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. फोन बंद, रूमवरच्या पोरांना पण काही माहीत नाही. वीस दिवसांनी लॉकर दुसऱ्याला द्यायचा म्हणून सिक्युरिटी आणि दोन साक्षीदार घेऊन उघडला, आत सेफ्टी शूज, ओव्हरटाइमचे तास पेन्सिलीने लिहिलेली छोटी डायरी, आणि स्टीलचा डबा, स्वच्छ धुऊन पालथा घातलेला, त्यावर त्याच्या आईचं नाव घातलेलं. आम्ही यादी केली, सह्या घेतल्या, पिशवीला सील लावलं. पण माझ्या डोक्यात एकच आलं, कायमचा जाणारा माणूस आईच्या नावाचा डबा मागे ठेवून जाईल का?

हे नुसतं भावनेचं नाहीये, कायद्याचा सगळा मुद्दा इथेच येतो. आमच्याकडे सर्रास "ॲबस्कॉन्ड झाला" म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही, फरार आरोपीला लावायचा शब्द आहे तो. कायदा बघतो की माणूस नुसता गैरहजर आहे की त्याने नोकरी सोडूनच दिलीये, आणि सोडून दिली म्हणायला तसा इरादा दिसावा लागतो. १९९३ साली सुप्रीम कोर्टाचा डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा निकाल आला. त्या कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कामगारांच्या नियमावलीत, असं होतं की रजा न घेता आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात की नाव आपोआप कमी. कामगार म्हणत होता मला गेटवर अडवलं, आतच घेतलं नाही. कोर्टाने सांगितलं की नियम असला तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याची रोजीरोटी काढून घेता येत नाही, आणि त्याला कामावर परत घ्यायला लावून मागचा अर्धा पगार द्यायला लावला.

म्हणूनच तुम्ही गायब झालात की घरी पत्रं यायला लागतात. पहिलं पत्र, अमुक तारखेपासून कामावर नाही, तीन दिवसांत हजर व्हा किंवा कारण कळवा. मग दुसरं, कधी तिसरं, सगळी पोस्टाने गावच्या पत्त्यावर. निम्मी परत येतात, पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात "घर बंद" नाहीतर "सदर पत्त्यावर राहत नाही". मग एकतर्फी चौकशी, कधी पेपरात जाहीर नोटीस, आणि शेवटी काढून टाकल्याचं पत्र. लोकांना वाटतं ही धमकी आहे, घरचे घाबरतात, आई फोन करून रडते. तर ते सगळं कंपनी स्वतःची बाजू कागदावर भक्कम करायला करत असते, उद्या तुम्ही लेबर कोर्टात जाऊन "मला काढलं" म्हणालात तर दाखवायला. पण त्यातच तुमची एक संधी पण आहे. पहिल्या पत्राला उत्तर दिलं की सहसा ती सगळी साखळी थांबते. ते पत्र न उघडता टीव्हीमागे ठेवून देणारी घरं मला माहीत आहेत, कृपा करून तसं करू नका.

आता पोलिसांचं. न सांगता नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. पोलीस यासाठी येत नाहीत, कुणी फोनवर "केस टाकतो" म्हणालं तरी नोटीस पिरियड न भरणं हा दिवाणी मामला आहे, दोघांमधला करार मोडल्याचा. पण हे कायम असं नव्हतं, आणि ते माहीत असावं असं मला वाटतं. इंग्रजांच्या काळात १८५९ साली एक कायदा आला, कामगाराच्या करारभंगाचा, त्यात ॲडव्हान्स घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला तर मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जायचा, मॅजिस्ट्रेट सांगायचा की पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर, आणि ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईच्या मालकांसाठी आणलेला हा कायदा पुढे देशभर पसरला आणि तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं. सहासष्ट वर्षं. आपल्याकडे उचल घेतलेल्या माणसाला "पैसे फिटेपर्यंत जायचं नाही" असं आजही दरडावून सांगतात, त्यामागची मानसिकता इतकी जुनी आहे, फरक इतकाच की आता तसं कुणाला डांबून ठेवणं हाच गुन्हा आहे, १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली.

एक अपवाद मात्र अजून शिल्लक आहे आणि तो मला तरी रास्त वाटतो. लहान मूल, मानसिक आजार असलेला किंवा आजारपणामुळे स्वतःचं काहीच करू न शकणारा माणूस, अशा कुणाला सांभाळायचा कायदेशीर करार केलाय आणि मुद्दाम त्याला तसंच सोडून गेलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. केअरटेकर, आया म्हणून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि दुसरी गोष्ट, कंपनीचा लॅपटॉप, मोबाईल, टूलकिट, गाडीची चावी घरी नेली आणि मागूनही दिली नाही तर मग तो नोकरी सोडण्याचा विषय राहतच नाही, दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवल्याचा होतो आणि तिथे पोलीस तक्रार होऊ शकते. त्यामुळे माणूस गेला तरी वस्तू परत गेली पाहिजे, कुरिअरने का होईना, आणि पावती जपून ठेवा.

कंपनी तुम्हाला परत कामाला लावू शकते का? नाही. कोर्ट भरपाई द्यायला सांगू शकतं पण अमक्याकडेच जाऊन राब असा हुकूम देत नाही, १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात ते स्पष्ट आहे. आणि सोडल्यानंतर दुसऱ्या कंपनीत, अगदी स्पर्धकाकडे, जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. ऑफर लेटरमध्ये ती ठोकून दिलेली असते आणि पोरं उगाच घाबरतात. कंपनीचा डेटा, ड्रॉइंग, कस्टमरची यादी घेऊन जाणं वेगळं, त्याला कुणी वाचवणार नाही.

मग उरतो पैसा. बहुतेक नोकऱ्यांमध्ये नोटीस किती ते अपॉइंटमेंट लेटर ठरवतं, कारखान्यात महिना, आयटीत ९० दिवस. तेवढे दिवस काम केलं नाही तर तेवढ्या दिवसांचा पगार द्यायचा, यालाच नोटीस पे किंवा बायआउट म्हणतात. कशावर मोजायचा, बेसिकवर म्हणजे मूळ पगारावर की ग्रॉसवर म्हणजे भत्ते धरून एकूण पगारावर, ते लेटरमध्ये शब्दन् शब्द वाचा, कारण फरक चांगला दुपटीचा असू शकतो. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लेटरमध्ये लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं, म्हणजे १५००० पगाराच्या ट्रेनीला पाच लाखांचा बाँड लिहून घेतला म्हणून पाच लाख आपोआप वसूल होत नाहीत. आणि या वसुलीवर जीएसटी लावला असेल तर विचारा, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्राने सांगितलंय की नोटीस पेच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही.

पण बाँड म्हणजे नुसता कागद असंही समजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये बँकेच्या बाजूने निकाल दिला. तीन वर्षं नोकरी करायची नाहीतर २ लाख भरायचे अशी अट होती, अधिकारी तीन वर्षांच्या आत दुसऱ्या बँकेत गेला, त्याने निषेध नोंदवून पैसे भरले आणि मग कोर्टात गेला. हायकोर्टाने त्याला दिलासा दिला होता, सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही अट नोकरी चालू असतानाची आहे, नोकरी सोडल्यावर कुठे जाऊ नको असं ती म्हणत नाही, आणि सरकारी बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करायला खर्च येतो, त्या पदाच्या मानाने २ लाख अवाजवी नाहीत. त्यामुळे सही करतानाच बघा, रक्कम किती, मुदत किती आणि कंपनीने ट्रेनिंगवर खरंच काही खर्च केलाय का.

हे मोठ्या पातळीवर कसं दिसतं ते बघायचं तर अकासा एअरचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद फ्लाइटने सुरू झालेली नवीन कंपनी, आणि वर्षभरात त्यांचे ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता निघून गेले. पायलटच्या बाबतीत नोटीस नुसती लेटरमध्ये नसते, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, २०१७ चा नियम आहे, को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष, कारण पायलट उद्या सकाळी दुसरा मिळत नाही, त्याला त्या विमानाचं ट्रेनिंग द्यायला महिने जातात. कंपनीवर फ्लाइट रद्द करायची वेळ आली, ती डीजीसीएने कारवाई करावी म्हणून दिल्ली हायकोर्टात गेली आणि पायलटांकडून भरपाई मागायला मुंबई हायकोर्टात. तिथे पहिला वादच हा की मुंबईच्या कोर्टाला ही केस ऐकायचा अधिकार आहे का, कारण पायलट वेगवेगळ्या शहरांत राहणारे, राजीनामे ईमेलवरून दिलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की हो, ऐकता येईल. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला, एवढे वकील घेऊन, आधी केस कुठे चालणार यावरच भांडायला लागलं. मग १८००० पगाराच्या ऑपरेटरमागे एका महिन्याच्या नोटीससाठी कोण कोर्टात जाणार, वकिलाचीच फी जास्त होईल. प्रत्यक्षात कंपनी फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशोबात, जमेल तेवढं वळतं करून घेते आणि फाइल बंद करते.

म्हणून काय वळतं करता येत नाही ते माहीत पाहिजे. केलेल्या दिवसांचा पगार तुमचा आहे, नोटीस दिली नाही म्हणून हजेरीच पुसून टाकता येत नाही, नोटीसचा हिशोब वेगळा दाखवायला लागतो. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी भरपगारी रजा जमते, तिचे उरलेले पैसे हिशोबात आले पाहिजेत. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमची, ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकीच आहेत, मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केलेलं नुकसान, दंगामस्ती, मारामारी, नोकरीत केलेलं अनैतिक गुन्ह्यासारखं कृत्य, आणि नोटीस न देणं त्यात कुठेच नाही. पीएफला तर कंपनी हात लावूच शकत नाही, कोर्टाच्या जप्तीतूनसुद्धा कायद्याने वाचवलेला पैसा आहे तो. "पळून गेलास, आता पीएफ विसर" असं सांगणारे ठेकेदार मी स्वतः ऐकलेत, ते साफ खोटं आहे.

मग खरा त्रास कुठे होतो? कागदात. न सांगता गेलेल्या माणसाची पीएफमधली सोडल्याची तारीख, डेट ऑफ एक्झिट, रिकामी राहते. नवीन कंपनीत रुजू झालात की त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर, नवीन कंपनीचं दुसरं खातं चालू होतं आणि पोर्टलवर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला दिसता. पैसे ट्रान्सफर होत नाहीत, काढता येत नाहीत. पोरं बायोडेटातनं ती सहा महिन्यांची नोकरी गाळून टाकतात, पण पीएफच्या पासबुकात ती असतेच, नवीन कंपनीसाठी जुन्या नोकरीची खात्री करणारे व्हेरिफिकेशनवाले हल्ली पहिल्यांदा पासबुकच मागतात. मग त्यांची मेल माझ्याकडे येते, ठरलेला फॉर्म असतो, जॉइनिंग तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, एक्झिट फॉर्मॅलिटी पूर्ण केल्या का, आणि शेवटी एक चौकोन, याला परत कामावर घ्याल का, हो किंवा नाही. त्या चौकोनापाशी मी दरवेळी थांबते. माणूस चांगला होता हे मला माहीत असतं, पण फाइलमध्ये तीन परत आलेली पाकिटं असतात आणि मला फाइलमध्ये आहे तेच लिहायला लागतं. हे लिहिताना खूप वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हे टाळता आलं असतं.

आता कुणी म्हणेल मी कंपनीची बाजू घेते. तसं नाही. १४ वर्षांत जेवढे न सांगता गेले त्यातल्या बऱ्याच जणांशी नंतर बोलणं झालंय, आणि आळशी म्हणून गेलेला क्वचितच सापडला. कुणाला सुपरवायझरने सगळ्या लाईनसमोर आईवरून शिवी दिली होती. कुणी राजीनामा घेऊन गेला तर साहेबाने फाडून टेबलावर ठेवला. ठेकेदाराकडच्यांना तर अपॉइंटमेंट लेटरच दिलेलं नसतं, नोटीस कुणाला द्यायची, कसली द्यायची. आणि आयटीत ९० दिवस नोटीस लावायची, पण नवीन माणूस घेताना मात्र ३० दिवसांत ये म्हणायचं, एकच कंपनी एकाच दिवशी दोन्ही करते, मग पोरगं कात्रीत सापडतं आणि एका रात्रीत लॅपटॉप रिसेप्शनवर ठेवून निघून जातं. ज्या डिपार्टमेंटमधनं वर्षात तीन-चार जण असे जातात तिथे मी आता जाणाऱ्याची नाही, साहेबाची चौकशी करा म्हणते.

तरीपण तुमच्यासाठी सांगते, जायचंच असेल तर जा, पण दोन ओळी लिहून जा. ईमेल नसेल तर व्हॉट्सॲपवर, मराठीत, एचआरला आणि सुपरवायझरला. "मी अमुक अमुक, टोकन नंबर अमुक, घरच्या अडचणीमुळे आज तारीख अमुकपासून राजीनामा देत आहे, नोटीस पूर्ण करणं शक्य नाही, नियमाप्रमाणे हिशोब करून कळवावं." बास एवढंच. स्क्रीनशॉट काढून ठेवा. या दोन ओळींनी तुम्ही गैरहजर माणसाचे राजीनामा दिलेला माणूस होता, पत्रं आणि चौकशी सुरूच होत नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. पण ते दोन दिवस मोजायला सुरुवात करायची तर आधी राजीनामा पाहिजे ना. राजीनामा फाडला असं होऊ नये म्हणून पण मेसेज बरा, तो फाडता येत नाही.

आणि ज्यांनी आधीच सोडलीये त्यांनी पण तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून गप्प बसू नका. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी पीएफच्या मेंबर पोर्टलवर मॅनेजमध्ये मार्क एक्झिट असतं, आधारच्या ओटीपीने तुमची तारीख तुम्हीच टाकू शकता, कंपनीचे पाय धरायला लागत नाहीत. फक्त तारीख विचार करून टाका, एकदा टाकली की बदलायला फार खेटे घालायला लागतात. फॉर्म १६ देत नसतील तर कापलेला टॅक्स फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, रिटर्न अडत नाही. आणि रिलिव्हिंग लेटरसाठी, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळं केल्याच्या पत्रासाठी, सरळ जुन्या एचआरला फोन करा, नोटीसचे पैसे किती निघतात विचारा, हप्त्याने चालेल का विचारा. वर्षभराने आलेल्यांना आम्ही लेटर दिलेत.

तो लातूरकडचा मुलगा जानेवारीत आला. वडील ट्रॅक्टरवरनं पडले होते, कमरेचं ऑपरेशन, सोलापूरला दवाखान्यात दीड महिना, फोन त्याच धावपळीत हरवला, आमचा कुणाचा नंबर त्याला पाठ नव्हता आणि नंतर एवढे दिवस झाले म्हणून फोन करायची हिंमत झाली नाही. कामावर परत येणार नव्हता, शेती बघायला कुणी नाही म्हणाला. पत्र दुसरंच गेलं होतं, चौकशी लागायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर न येण्याचं कारण लिहून घेतलं, तो आला त्या दिवशीचा राजीनामा घेतला, साहेबांनी नोटीस माफ केली. रजेचे पैसे आणि राहिलेला पगार धरून हिशोब निघाला, रिलिव्हिंग लेटर हातात दिलं. मग सील लावलेली पिशवी काढली. त्याने शूज तिथेच ठेवले, कुणाला तरी होतील म्हणाला, डायरीतला एक ओव्हरटाइम माझ्याशी ताडून घेतला, खरंच चार तास आमच्याकडून राहिले होते, ते पण हिशोबात धरले. डबा पिशवीत नीट गुंडाळला आणि साडेतीनची एसटी आहे म्हणून निघाला.